अण्णांचं बोट आणि दोन मशिनं

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई सिंहगड रस्त्याला राहतात. घरात त्या, मिस्टर, बारावीतली मुलगी आणि ७६ वर्षांचे सासरे, म्हणजे अण्णा. अण्णांनी उभं आयुष्य कारखान्यात लेथवर काढलं, चाळीस वर्षं विडी-सिगरेट ओढली, सहा वर्षांपूर्वी सोडली. त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार. घरात त्याला 'दमा'च म्हणतात. डिसेंबरात कफ वाढला आणि आठ दिवस ॲडमिट व्हावं लागलं. घरी सोडताना ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन, भाड्याने घ्यायला सांगितलं: मिनिटाला दीड लिटरवर, दिवसाचे पंधरा तास. घरात बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी मोजणारे दोन ऑक्सिमीटर आहेत. एक २०२० मध्ये घाईत घेतलेला, दुसरा अमेरिकेतल्या दिरांनी ऑनलाइन मागवून दिलेला. पहिला ८९ दाखवतो तेव्हा दुसरा ९२. ताई दिवसात वीसेक वेळा मोजतात, रात्री दोनचा आणि पाचचा गजर लावूनसुद्धा, आणि प्रत्येक आकडा दिरांना व्हॉट्सॲप करतात. दीर म्हणतात, पंच्याण्णवच्या खाली जाता कामा नये. म्हणून ऑक्सिजनचा फ्लो चार लिटरवर नेला. आकडा ९७ झाला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. डिस्चार्ज कार्डावर मात्र '८८–९२' असं लिहिलंय, ते दिरांच्या मते छपाईची चूक आहे. दोनदा मध्यरात्री रिक्षा करून कॅज्युअल्टी गाठली, दोन्ही वेळा तिथे ९२ भरला आणि परत पाठवलं. मिस्टर म्हणतात, दोन्ही मशिनं मुठा नदीत टाक. अण्णा हल्ली ताईंची चाहूल लागली की हात शालीत लपवतात. पत्राच्या शेवटी एका ओळीत, जाता जाता लिहिलंय: 'सकाळी डोकं जड झालंय म्हणतात आणि दिवसा पेंगतात, पण वयच आहे.' आणि प्रश्न: 'दोनपैकी कोणतं मशीन खरं मानू? मोजणं बंद केलं आणि काही झालं, तर ते माझ्यावरच येईल ना?'

ताई,

तुमच्या पत्रातली ती जाता जाता लिहिलेली ओळ वाचून मी तुम्हाला त्याच संध्याकाळी मेल केला होता. बाकीच्या वाचकांसाठी त्यातला मजकूर इथे पुन्हा देते, कारण ही चूक करणारं तुमचं घर पहिलं नाही. ज्या डॉक्टरांनी डिस्चार्ज दिला त्यांना आजच्या आज फोन करून तीन गोष्टी सांगा: दीडऐवजी चार लिटर चालू आहे, सकाळी डोकं दुखतं, दिवसा झोप अनावर होते. ते सांगतील तसा फ्लो खाली आणा. घाबरून मशीनच बंद करू नका, एकदम काढलेला ऑक्सिजनही धोक्याचा असतो. आणि अण्णा हाक मारून, हलवूनही नीट जागे होत नसतील किंवा असंबद्ध बोलत असतील, तर फोनाफोनी करत न बसता १०८ ला कॉल करा.

असं का ते सांगते. श्वासावाटे ऑक्सिजन आत घेणं जितकं गरजेचं, तितकंच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणंही गरजेचं असतं. सीओपीडीतल्या काही रुग्णांमध्ये ही बाहेर टाकण्याची बाजू मुळातच लंगडी झालेली असते. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा धड पोचत नाही, तिकडचा रक्तपुरवठा शरीर आपण होऊन आवळून घेतं आणि कसंबसं भागवतं. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की ही काटकसर मोडते आणि कार्बन डायऑक्साइड रक्तात साठायला लागतो. मग सकाळची डोकेदुखी, पेंग, हाताची थरथर, गोंधळलेलं बोलणं. बोटावरच्या मशीनला यातलं काहीही दिसत नाही. ते ऑक्सिजन सोडून दुसऱ्या कशाकडे बघतच नाही. त्यामुळे अण्णा आतून गुंगत चालले असताना मशीनवर ९७ झळकत होता आणि घरात सगळे खूश होते.

म्हणजे कार्डावरचा ८८–९२ ही छपाईची चूक नाही. सीओपीडीच्या ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी जगभर हीच पट्टी वापरतात. दीर सांगतात तो पंच्याण्णव खोटा नाही, पण तो त्यांच्या-तुमच्यासारख्या धडधाकट फुप्फुसांचा आहे. कोविडने हा आकडा आपल्या डोक्यात इतका घट्ट बसवला आहे की आता तो निघत नाही. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण आपल्या पुण्यातच सापडले, आणि त्यानंतर वर्षभरात, जो 'ऑक्सिमीटर' शब्द फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये ऐकू यायचा तो वाण्याच्या दुकानात ऐकू यायला लागला. आमच्या सोसायटीत एकच ऑक्सिमीटर होता, तो सॅनिटायझरचा वास घेऊन चार मजले फिरायचा. त्या दिवसांत '९४ च्या खाली गेला की दवाखाना' हे सांगणं योग्यच होतं, कारण तेव्हा प्रश्न होता चांगल्या फुप्फुसाला अचानक झालेल्या आजाराचा. अण्णांची फुप्फुसं गेली कित्येक वर्षं नव्वदीच्या आसपास संसार करताहेत. त्यांना पंच्याण्णववर ओढायचं कोणी ठरवलं? डॉक्टरांनी तर नाही.

आता दोन मशिनांचा प्रश्न. मी तीस वर्षं भूल देण्याचं काम केलं. शिकत होते तेव्हा आमच्याकडे हे यंत्र नव्हतं. जखमेतल्या रक्ताचा रंग, ओठ, नखं यांच्यावर नजर ठेवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. पुढे यंत्र आलं आणि त्याचा बीप कानात बसला. थिएटरमधल्या मॉनिटरवर ऑक्सिजन घसरला की त्या बीपचा सूर खाली उतरतो. पाठमोरी असले तरी तो उतरता सूर ऐकून मान वळायची; अजूनही लिफ्टचा बीप जरा खालच्या पट्टीत वाजला की माझं लक्ष जातं. सांगायचा मुद्दा, या यंत्रावर माझं प्रेम आहे. म्हणूनच ते काय करतं आणि काय करत नाही, हे नीट सांगते.

चिमट्याच्या वरच्या बाजूला दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. खालच्या बाजूला प्रकाश टिपणारा सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. बोटातून आरपार किती लाल आला आणि किती इन्फ्रारेड, यावरून हिशेब लागतो. पण बोटात रक्ताशिवाय कातडी असते, हाड असतं, मांस असतं, त्यांचं काय? तर नाडीच्या प्रत्येक ठोक्याला फक्त धमनीतलं रक्त कमी-जास्त होतं, बाकी सगळं तसंच राहतं. जेवढं हलतंय तेवढंच मोजायचं. ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची. ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं हे मोजायच्या खटपटीत होते आणि नाडीचे ठोके मध्ये येऊन त्यांचा आलेख बिघडवत होते. तो अडथळा काढून टाकता टाकता त्यांच्या लक्षात आलं की हवी ती माहिती त्या अडथळ्यातच आहे. एप्रिल २०२० मध्ये ते गेले, नेमके त्यांचं यंत्र जगभरच्या घराघरांत शिरत होतं तेव्हा.

हे लक्षात घेतलं की पुढचं आपोआप कळतं. मशीनला ठोका हवा. ठोका क्षीण, बोट गार, हात हलतोय, वरून झगझगीत उजेड पडतोय, नखावर रंग आहे, असं काही असेल तर हिशेब चुकणार. आणि सगळं बरोबर असतानाही चांगल्या यंत्राची अचूकता दोन-तीन अंक इकडेतिकडे इतकीच असते, तीही साधारण तीनातल्या दोन वेळा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हेच लोकांना समजेल अशा शब्दांत सांगितलंय: मशीनवर ९० दिसत असेल तर रक्तातला खरा आकडा ८६ ते ९४ यांत कुठेही असू शकतो. तेव्हा ८९ आणि ९२ हे भांडण नव्हेच. दोघं एकच सांगताहेत.

रंगाचाही एक मुद्दा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणी काढत नाही. सावळ्या, काळ्या त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२० च्या डिसेंबरात दाखवून दिलं की बोटावर सगळं ठीक दिसत असताना रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. आपण सगळे त्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहोत. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा, त्याच माणसाचा, त्याच मशीनवरचा, रोजच्यापेक्षा बदललेला आकडा जास्त बोलका. दोनांतलं एक मशीन निवडा. माझं मत विचाराल तर, ज्यावर नाडीबरोबर वरखाली होणारी पट्टी दिसते ते ठेवा आणि दुसरं कपाटात टाका, बॅटऱ्या काढून. नाहीतर त्या आत फुटून मशीन खातात.

तुम्ही पहाटे पाचला कसं मोजता ते अगदी प्रामाणिकपणे लिहिलंय, त्याबद्दल आभार. जानेवारीतली पुण्याची पहाट. तुम्ही गजर बंद करता, ट्यूबलाइट लावता, अण्णांचा हात गोधडीतून ओढून काढता, तर्जनीला चिमटा लावता, आणि पहिला आकडा दिसला की फोटो काढून पाठवता. अण्णा दचकून जागे, हात गार, वर ट्यूबलाइट, बोट थरथरतंय, आणि तर्जनीचं नख तुम्हीच लिहिलंय तसं जाड आणि पिवळं. बिचाऱ्या मशीनला ठोकाच धड सापडलेला नाही. ते पहिले काही सेकंद नुसतं चाचपडत असतं आणि तो चाचपडण्याचा आकडा तोवर न्यू जर्सीला पोचलेलाही असतो. शिवाय झोपेत ऑक्सिजन थोडा खाली येणं फुप्फुसाच्या रुग्णांत नेहमीचं आहे. झोपेत काय होतं हे पाहायचं असेल तर डॉक्टर रात्रभर नोंद ठेवणारं वेगळं यंत्र लावतात.

आता कसं मोजायचं ते. अण्णांना खुर्चीत पाच मिनिटं शांत बसू द्या, गप्पा नकोत, चहाही नको. जिना किंवा बाथरूमहून आल्या आल्या तर मोजूच नका. हात गार असतील तर तळवे एकमेकांवर चोळा, नाहीतर कोमट पाण्यात बुडवून पुसा. तर्जनीऐवजी मधलं बोट घ्या, नख ठीक असेल तर. बोट आतल्या भिंतीला टेकेपर्यंत घाला, नख दिव्याच्या बाजूला, म्हणजे बहुतेक मशिनांत पडद्याच्या बाजूला. तो हात छातीवर, हृदयाजवळ टेकवून ठेवायला सांगा. लोंबता नको, वर धरलेला नको. त्याच दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला नसावा, तो फुगला की खाली ठोका पोचत नाही. ट्यूबलाइटचा उजेड थेट बोटावर येत असेल तर वरून रुमाल टाका. मग एक पूर्ण मिनिट थांबा. पट्टी एका लयीत उड्या मारते आहे का बघा. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: तुमची बोटं अण्णांच्या दुसऱ्या मनगटावर ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजा आणि दुप्पट करा. मशीन नाडी ११२ सांगतंय आणि तुमच्या हाताला ७६ लागतेय, तर ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या, कारण त्याच ठोक्यांवरून तो काढलाय. ठोके जुळले आणि आकडा चार-पाच सेकंद एका जागी राहिला, की तो वहीत लिहा. शेजारी तारीख, वेळ, ऑक्सिजन चालू की बंद, किती लिटर, बसून की चालून. या गोष्टी नसतील तर आमच्यासारख्यांना त्या आकड्याचं काही करता येत नाही.

तुमच्या घरात गरज नसेल, पण इतरांसाठी सांगते. नेलपॉलिश, विशेषतः काळं, निळं, हिरवं, काढून टाका. लग्नसराईत हातभर मेंदी असेल, त्यातही काळी, तर कानाच्या पाळीला किंवा पायाच्या बोटाला लावायचे सेन्सर वेगळे मिळतात, दवाखान्यात त्यावर मोजून घ्या. हाच चिमटा कानाला लावून उपयोग नाही. मोठ्यांचा चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटाला लावून घाबरू नका, तो त्या बोटासाठी बनलेलाच नाही. चिमटा तासन् तास एकाच बोटावर ठेवला तर म्हाताऱ्यांच्या नाजूक कातडीला वळ पडतात, फोडही येतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपवर आजाऱ्याचा निर्णय घेऊ नका. आणि ते पेन घालून आकडा दाखवणारे व्हिडिओ? पेनावर आकडा आला म्हणजे मशीन नकली, असंही नाही. प्रकाशाची हालचाल दिसली की काही मशिनं तिलाच नाडी समजतात. नवीन घ्यायचं तर परवाना क्रमांक छापलेलं, पक्क्या बिलाचं घ्या आणि दुकानातच निरोगी माणसाच्या बोटावर नाडी जुळवून बघा. पुसायला स्पिरिटचा बोळा पुरे.

इथपर्यंत मुख्यतः मशीन चुकून कमी कधी दाखवतं याची चर्चा झाली. त्यामुळे फार तर रिक्षाचे पैसे जातात. मला जास्त भीती वाटते ती खोट्या चांगल्या आकड्याची. पुण्यात कितीतरी जुन्या इमारतींत अजून बाथरूममध्ये गॅस गिझर आहेत, आणि थंडीत आपण बाथरूमची खिडकी घट्ट लावतो. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पट घट्ट चिकटतो, आणि या चिमट्याला तो ऑक्सिजनच वाटतो. बाथरूममधून बाहेर काढलेल्या, चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या बोटावर मशीन ९९ दाखवेल. त्या ९९ वर विसंबून 'जरा पडू दे, बरं वाटेल' म्हणणं जिवावर बेतू शकतं. खिडक्या-दारं उघडायची, गॅस बंद करायचा, माणसाला मोकळ्या हवेत आणायचं आणि दवाखाना गाठायचा. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणाऱ्यांचंही तेच. सिगरेट ओढणाऱ्याच्या रक्तातही हा वायू थोडा असतोच, म्हणून त्याचा आकडा जरा फुगलेला असतो. अण्णांच्या अंघोळीला तुमच्याकडे कोणता गिझर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. गॅसचा असेल तर तो बाथरूमच्या बाहेर मोकळ्यावर बसवून घ्या, हे ऑक्सिमीटरपेक्षा तातडीचं.

रक्त कमी असलेल्या बायकांची गोष्ट तशीच. जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के भरलंय हे मशीन सांगतं, मुळात आहे किती हे नाही. सहाच डबे असलेल्या गाडीतल्या सगळ्या जागा भरलेल्या दिसल्या म्हणून फलाटावर कोणी उरलं नाही असं होत नाही. जिना चढताना धाप लागते आणि मशीन ९९ म्हणतं, तर ब्लड टेस्ट करा. हे ताई, तुम्हालाही लागू आहे. 'मलाच हल्ली दम लागतो, पण माझा ९९ येतो' असं तुम्ही मधेच लिहून गेला आहात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो खरं म्हणजे पहिला आहे. मोजणं बंद केलं आणि काही झालं तर माझ्यावर येईल का. वीस वेळा मोजण्यामागे अण्णांच्या फुप्फुसाइतकीच ही भीती आहे असं मला वाटतं. आकडा पाठवला की जबाबदारी पाठवली, निदान तेवढ्या दोन तासांची. मी तुम्हाला दोष देत नाही. आजारी माणूस सांभाळणाऱ्या सुनेकडे घरातले बाकीचे ज्या नजरेने बघतात ती मला ठाऊक आहे. पण जास्त वेळा मोजलं म्हणजे जास्त काळजी घेतली, हे गृहीत एकदा तपासून बघा. वीस आकड्यांपैकी तीन-चार चुकीचे येणारच. त्या तीन-चारांनीच तुम्हाला दोनदा मध्यरात्री बाहेर काढलं. आणि त्याच वेळी फ्लो वाढल्यावर आलेली पेंग मात्र 'वय' म्हणून सुटली, कारण ती मशीनवर दिसत नव्हती.

म्हणून क्रम उलटा करा. आधी अण्णांकडे बघा, मग मशीनकडे. छाती-पोट वरखाली होताना अर्धा मिनिट श्वास मोजा, त्यांना न सांगता, कारण सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो. दुप्पट केल्यावर रोजच्यापेक्षा बराच वाढला असेल, पंचविसाच्या वर असेल, तर लक्ष द्या. वाक्य पुरं करता येतंय का? मानेचे स्नायू ओढून श्वास घेताहेत का? कफाचा रंग पिवळा-हिरवा झालाय, प्रमाण वाढलंय? पायावर सूज? यातलं काही बदललं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आकडा ९१ असला तरी. ओठ किंवा जीभ निळसर, दोन शब्दांतच धाप, छातीत दुखणं, भ्रम, न आवरणारी झोप, यांपैकी काहीही असेल तर १०८, आणि तेव्हा मशीन शोधत बसू नका. सावळ्या माणसाचा निळेपणा ओठांपेक्षा जिभेवर आणि तोंडाच्या आत लवकर कळतो.

मशीन कधी? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आणि त्रास वाटला तर तेव्हा. आठवडाभर असं केलंत की अण्णांचा नेहमीचा आकडा कळेल, समजा ९०. पुढे कधी ८८ च्या खाली दिसला तर आधी कॉन्सन्ट्रेटरची नळी कुठे दुमडली का, नाकातली निघाली का, फ्लो ठरलेला आहे का हे बघा, दहा मिनिटांनी सगळे नियम पाळून परत मोजा. तरी खालीच असेल तर डॉक्टरांना फोन. फ्लोची चकती मात्र घरात कोणीही स्वतःच्या मनाने फिरवायची नाही, तो औषधाचा डोस आहे. आणि जाता जाता: संध्याकाळी दिवा लावता ते देवघर अण्णांच्या खोलीतच आहे असं लिहिलंय. ऑक्सिजन चालू असताना निरांजन, समई, उदबत्ती त्या खोलीत नको. देव दुसऱ्या खोलीत गेले तर रागावणार नाहीत. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन लावत असाल तर तेही थांबवा, पाण्यात विरघळणारं जेल मिळतं.

रात्री दोन आणि पाचचे गजर बंद. हे मी अण्णांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही तब्येतीसाठी सांगते आहे.

आणि शालीतला हात. ताई, ज्या माणसाने आयुष्यभर लेथवर काम केलं, त्याच्या बोटाला दिवसातून वीसदा कोणीतरी चिमटा लावतं आणि काय आलं ते त्याला न सांगता फोटो काढतं. मीही हात लपवला असता. उद्या सकाळी मशीन त्यांच्याच हातात द्या. वही आणि पेनही. व्हर्नियरचा शून्यदोष म्हणजे काय, गार आणि गरम जॉबचं, म्हणजे लेथवरच्या तुकड्याचं, माप वेगळं का येतं, एकच माप तीनदा का घ्यायचं, हे त्यांना मी सांगायला नको; ते कदाचित मलाच शिकवतील. दोन मशिनांत तीन अंकांचा फरक का पडतो हे ऐकून तुम्ही घाबरलात, ते बहुधा हसतील. नोंद ते ठेवतील, तुम्ही संध्याकाळी फक्त वही बघा. पुढच्या तपासणीला जाताना दोन्ही मशिनं पिशवीत टाका आणि तिथल्या मशीनशेजारी लावून फरक लिहून घ्या. कार्बन डायऑक्साइडची शंका आहेच, तर मनगटातल्या धमनीतून रक्त काढून एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, करायची का, हे डॉक्टरांना विचारा. सुई जरा दुखते, पण चिमट्याला जे दिसत नाही ते त्यात दिसतं.

राहिले दीर. त्यांना हा लेख पाठवा, हवं तर माझ्यावर ढकला. इतक्या लांब बसलेल्या मुलाला बापाची छाती दिसत नाही, म्हणून तो आकड्याला धरून बसतो, त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला रोज रात्री एक मेसेज पुरे: दोन आकडे, जेवण, झोप. आणि त्याहून चांगलं माप हवं असेल तर रविवारी व्हिडिओ कॉल लावा, अण्णांना फोनसमोर बसवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात निघून जा. दिरांना सांगा, आकडा विचारू नका, सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकबद्दल विचारा. मधे दम न घेता अण्णा महापालिकेला किती लांब वाक्य ऐकवतात, ते मोजा.